विंचवाची पेटी: जाळीचं झाकण की बाजूला भोकं?

एम्परर किंवा एशियन फॉरेस्ट विंचू (दोन्ही दमट जंगलातले) पाळायचा तर पेटीत ७५-८० टक्के आर्द्रता हवी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा जाळीच्या झाकणाखाली तळाला पसरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बघता बघता भुरभुरीत होतं. फवारा किती मारणार? त्यापेक्षा बंद झाकणाची पेटी बरी. एका भिंतीला खाली, समोरच्या भिंतीला वर बारीक भोकं पाडायची. गरम हवा वरून निघते, ताजी खालून येते, ओल टिकते. पाणी कोपऱ्यातून तळाशी सोडायचं, वरचा थर कोरडाच बरा. श्रावणात मात्र काचेवरचे थेंब दुपारपर्यंत हटले नाहीत, तर बुरशी आणि माइट्स (बारीक कोळीकिडे) आलेच समजा; तेव्हा जाळीच सरस. वाळवंटी विंचू असेल तर विचारच नको, बाराही महिने जाळी.