वाशिष्ठीचा गाळ सीटखाली होता

आखातात राहून गावच्या घरासाठी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे सहा लाख तीस हजार अडकले. त्याहून वाईट म्हणजे माझे आजारी वडील भर पावसात रस्त्यावर अडकून पडले.

आमचं घर गुहागर तालुक्यात. 2022 च्या सुरुवातीला बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा चिपळूण, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते आणि भाड्याची गाडी परवडत नव्हती. मी मस्कतला नोकरीला, सुट्टी मिळते ती गणपतीत. तोवर थांबणं शक्य नव्हतं, म्हणून एप्रिलमध्ये इथूनच गाडी घ्यायचं ठरवलं.

जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक जण शेजारच्या गावचा निघाला. पहिल्याच फोनवर त्याने माझ्या आजोबांचं नाव घेतलं. म्हणाला, "दादा, तुमच्या आजोबांनी आमच्या घरी भजनाला पेटी वाजवलीय. तुम्हाला फसवून मी गावात तोंड कसं दाखवणार?" परक्या माणसाला जे शंभर प्रश्न विचारले असते, ते मी याला विचारलेच नाहीत. माझी खरी चूक इथेच झाली.

गाडी 2018 ची, डिझेल, सात सीटर, एमएच 08 पासिंग. माझी ड्युटी सहाला सुटते तेव्हा गावाकडे साडेसात वाजलेले असतात. त्यामुळे गाडी मी पाहिली ती ट्यूबलाइटच्या उजेडात, व्हिडिओ कॉलवर. बाहेरून चकाचक, आत नवी सीट कव्हरं, नव्या मॅट. माझा चुलतभाऊ बघायला गेला होता, तो म्हणाला, "आत अत्तराचा वास फार मारतोय रे." मला वाटलं, गिऱ्हाइकासाठी गाडी सजवली असेल. दुसऱ्या दिवशी फोन आला की चिपळूणची एक पार्टी रोख पैसे घेऊन निघालीय. मी लगेच पन्नास हजार टोकन पाठवलं आणि आठवड्यात बाकीचे. तेही आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, मालकाच्या खात्यात नाहीत, त्या माणसाच्या भावाच्या खात्यात. मालकाशी बोलू का, असं एकदा विचारलं होतं. "तो पुण्याला असतो, त्याने 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात," एवढ्यावर मी गप्प बसलो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे ते फॉर्म. गाडी ताब्यात देताना बाबांची एका कागदावर सही घेतली. त्यात लिहिलं होतं, 'गाडी जशी आहे तशी पाहून घेतली.' बाबांनी तो वाचला नाही आणि मला कुणी दाखवला नाही.

नावावर करायचं काम मात्र पुढे सरकेना. माझ्या आधारला जोडलेलं इंडियाचं सिम बंद पडलं होतं, ओटीपी येत नव्हता, आणि त्या विकणाऱ्याला तेवढंच कारण पुरलं. परदेशात असाल तर ते सिम चालू ठेवा, रिचार्ज चुकवू नका.

जूनच्या शेवटी डायलिसिसहून परत येताना मार्गताम्हाण्याच्या पुढे गाडी बंद पडली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि विझले. पॉवर विंडो अर्ध्यावर अडकली, तिच्यातून पाऊस आत. बाबा पावणेदोन तास तसेच बसून होते, अंगावर आईची शाल. मला हे कळलं ते रात्री, आईच्या फोनवरून. ती रडत नव्हती, पण आवाज बदलला होता. नंतर दोनदा दुरुस्ती झाली, दोन्ही वेळा गाडी पुन्हा बंद.

31 ऑगस्टला गणपती होते, त्याआधी चार दिवस मी घरी पोचलो आणि गाडी टो करून चिपळूणला एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा काळाभोर, खालच्या हातभर भागावर मातकट रेघ. मग पुढची सीट काढली. रेलच्या स्क्रूंवर गंज, आणि कार्पेट उचललं तर खाली बारीक पिवळट गाळाचा थर, सुकून पापुद्रे धरलेला. चिमूटभर बोटावर चोळून तो म्हणाला, "ही वाशिष्ठीची माती. बावीस जुलैनंतर चार महिने आम्ही हीच खरवडत होतो."

वाशिष्ठी नदीला आलेला 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर कोकणात कुणाला सांगावा लागत नाही. अख्खी बाजारपेठ पाण्याखाली होती, शेकडो गाड्या बुडाल्या. आरसीवरच्या पत्त्यावरून आम्ही मूळ मालकाला शोधलं. तो पुण्याला नव्हताच, चिपळुणातच राहत होता. सज्जन माणूस, त्याने सगळं सांगितलं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमावाले गाडी 'टोटल लॉस' धरतात. त्याला क्लेम मिळाला, गाडी भंगाराच्या भावात बोली लावणाऱ्याने उचलली, त्याच्याकडून ती मला गाडी विकणाऱ्या आमच्या गाववाल्याकडे आली. फॉर्मवर सह्या तेव्हाच्याच. ऑनलाइन पाहिलं तर आरसी 'ॲक्टिव्ह', बोजा नाही, सगळं स्वच्छ. बुडालेल्या गाडीचा इतिहास तिथे दिसला नाही. एका फोनवर हे सगळं कळलं असतं, आणि तो फोन मी केला नाही याचं मला आजही फार वाईट वाटतं.

गाववाल्याने त्या सहीच्या कागदाकडे बोट दाखवलं. पोलिसांत अर्ज दिलाय, रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. माझ्या बाजूने आज उभे आहेत ते बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे त्याचे शब्द, मेकॅनिकने लिहून दिलेला कागद आणि त्या पट्ट्याचे फोटो. तोंडी बोललेलं काहीच उपयोगाला आलं नाही.

बाबांसाठी गाडी तर हवीच होती. डिसेंबरमध्ये पुन्हा एक जुनीच पाहिली, या वेळी दिवसाउजेडी, माझी अर्धी रजा टाकून. त्याच मेकॅनिकला पाठवलं, त्याने हजार रुपये घेतले. मी आधी मालकाशी बोललो, विम्याची मागची कागदपत्रं मागवली, पैसे मालकाच्याच खात्यात टाकले आणि शेवटचे पन्नास हजार आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवले. व्हिडिओ कॉल लागल्यावर मेकॅनिकने मला रंग, टायर काही दाखवलं नाही. पाचही दारं उघडी टाकली, मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "दादा, आधी पट्टा बघा."