लोखंडी इंजिनाची बुलेट ३५०: मूळ रूपात आणून रोज शेतात-तालुक्याला नेता येते का?

येते, आणि चांगली येते. अट एकच: क्रोमवर पैसा घालण्याआधी तो क्रँकमध्ये, म्हणजे पिष्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणाऱ्या इंजिनाच्या मुख्य शाफ्टात, घालायचा. आपल्याकडे बहुतेक जुन्या बुलेटींचं काम याच्या उलट होतं. टाकी चकाकते, सायलेन्सर नवा येतो, पोळ्याला गाडी गावभर फिरते आणि सोयाबीन निघायच्या आत इंजिन खालून ठोकायला लागतं.

इथे बोलतोय ती बुलेट ३५० स्टँडर्ड, बिडाच्या सिलिंडरची, चार गिअरची, १२ व्होल्टची, पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कावर) चालणारी. मद्रासला १९५५ पासून बुलेट जोडायला सुरुवात झाली आणि हे लोखंडी इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत टिकलं. ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ताकद १८ हॉर्सपॉवर. गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात. विदर्भात अशा गाड्या अजून गोठ्यात, कुटाराच्या ढिगाआड उभ्या सापडतात. त्यातली कोणती उचलायची, हे आधी ठरवावं लागतं.

गाडी पाहायला जाताना रंगाकडे बघूच नका. फ्रेमवरचा आणि क्रँककेसवरचा (क्रँक ज्यात बसते त्या पेटीवरचा) नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळतो का ते पाहा. मग क्रँककेसवर वेल्डिंगचे डाग आहेत का ते बघा. मागची चेन तुटून गुंडाळली गेली की केसला तडा जातो, आणि वेल्डिंग करताना बेअरिंगचं घर वाकडं होतं. अशी केस स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. हेडलाइटचं मूळ घर, अँपिअर मीटर, टूलबॉक्स, डिकॉम्प्रेसर (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर), मूळ कार्बोरेटर हे सगळं जागेवर असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. नंतर शोधत फिरलात तर त्याहून जास्त जातात.

आता क्रँक. या इंजिनाचं सगळं भवितव्य तिथे आहे. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत पिष्टन आणि क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग असतं. इथे तरंगता बुश आहे, व्हाइट मेटलचा (मऊ मिश्रधातूचा) थर असलेला. हा बुश तेलाच्या पडद्यावर फिरतो, त्यामुळे तेल स्वच्छ आणि पुरेसं असेल तर तो वर्षानुवर्षं चालतो. तेल काळं, पातळ किंवा कमी असेल तर एका उन्हाळ्यात संपतो. सिलिंडर काढल्यावर रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून पाहा. आडवा, बाजूचा थोडा खेळ चालतो. उभा खेळ बोटाला जाणवला, की बुश आणि पिन बदलायची. “अजून एक हंगाम निघेल” असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका.

बुश बदलायला फ्लायव्हील वेगळी करावी लागतात, आणि परत जोडल्यावर क्रँक सरळ करणं हे खरं कसबाचं काम आहे. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक हेलकावा सुईने दाखवणारं माप) लावायचा आणि दोन्ही शाफ्टांचा हेलकावा ०.०५ मिमीच्या आत आणायचा. तालुक्याचा लेथवाला ट्रॅक्टरची कामं कितीही चांगली करत असला, तरी त्याच्याकडे डायल गेज नसेल आणि तो तांब्याच्या हातोड्याने अंदाजाने ठोकत असेल, तर क्रँक तिथून उचला आणि नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला जिथे गेज लावून दाखवतात तिथे न्या. गेजची सुई स्वतः बघा. क्रँक वाकडी बसली तर गाडी पन्नासच्या पुढे हँडलमधून थरथरते आणि मेन बेअरिंगांचं आयुष्य निम्म्यावर येतं.

बोअरिंग त्यामानाने सोपं आहे, फक्त क्रम पाळायचा: आधी पिष्टन हातात, मग बोअर. पिष्टन कोणत्या कंपनीचा आहे त्यावर गॅप ठरते, आणि ती पिष्टनच्या डब्यावरच्या कागदात दिलेली असते. सिलिंडर आधी कापून मग “यात बसेल असा” पिष्टन शोधणं हे सीझ होण्याचं, म्हणजे पिष्टन अडकून बसण्याचं, मुख्य कारण. बोअर झाल्यावर होनिंगच्या तिरक्या रेषा दिसल्याच पाहिजेत, गुळगुळीत काचेसारखा बोअर तेल धरत नाही. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांनी) मोजा. ७० मिमीच्या बोअरला ०.३० ते ०.३५ मिमी योग्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून फट याहून कमी नकोच.

तेल २०डब्ल्यू५०, साधारण सव्वादोन लिटर. टाइमिंग बाजूला नमद्याचा फिल्टर असतो. नवा फिल्टर आधी तेलात भिजवून मगच बसवा. इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बँजो बोल्ट किंचित ढिला करा. तेल पाझरलं तर पंप काम करतोय. अर्ध्या मिनिटात काहीच आलं नाही तर इंजिन लगेच बंद करा, कारण तेवढ्या वेळात व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे घासतात.

गाडी महिनाभर उभी राहिली की तेल आपल्या कप्प्यातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. मग पहिल्या किकला निळा धूर येतो, ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल बाहेर पडतं आणि मिस्त्री रिंगा बदलायला सांगतो. रिंगांचा यात काही दोष नसतो. खालचा ड्रेन बोल्ट उघडून जास्तीचं तेल काढा आणि तेवढंच ताजं तेल वर घाला. अशीच दुसरी चुकीची समजूत गळतीबद्दल आहे. बुलेट तेल गाळणारच, असं धरून लोक प्रत्येक जोडावर शेलॅक थापतात. आधी ब्रीदरच्या नळीच्या टोकाचं चपटं रबरी तोंड बघा. ते कडक होऊन चिकटलं असेल तर क्रँककेसमधली हवा कोंडते आणि प्रत्येक पॅकिंगमधून तेल ढकलते. ते रबर बदललं की निम्मी गळती थांबते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची चाल, लावायला फिलर गेज लागत नाही. इंजिन पूर्ण थंड, पिष्टन कॉम्प्रेशनवर सगळ्यात वर, आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. एवढंच माप. गरम इंजिनवर टॅपेट लावणारा मिस्त्री असेल तर त्याला थांबवा.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगची ०.५ ते ०.६. टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ: ३५० ला पिष्टन माथ्यावर पोचायच्या ०.८ मिमी आधी, ॲडव्हान्सची वजनं मिटलेली असताना पॉइंट नुकताच उघडायला हवा. इथे एक अडचण आहे: प्लगचं भोक तिरपं आहे, त्यातून तार घालून मोजलेलं माप खोटं येतं. म्हणून हेड उघडं असतानाच डायल गेजने ०.८ मिमी मोजा आणि प्रायमरी केसमधल्या (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या पेटीतल्या) अल्टरनेटरच्या रोटरवर व केसवर समोरासमोर खूण कोरून ठेवा. पुढे दर वेळी त्या खुणेवर आणून पॉइंटमध्ये पातळ कागद धरला आणि तो सुटला की टाइमिंग बरोबर.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावावा का? खेड्यात रोज चालवणाऱ्याने पॉइंटच ठेवावेत, असं आमचं ठाम मत आहे. किट चांगला चालतो, पण बंद पडला की पांदण रस्त्यावर त्याचं काहीच करता येत नाही. पॉइंट धुऱ्यावर बसून पॉलिश पेपरने साफ होतात. पॉइंटचा खरा शत्रू दुय्यम दर्जाचा कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे पडणारी ठिणगी शोषणारा छोटा भाग. गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू होते, पॉइंट काळे पडलेले दिसतात: हे तिन्ही एकत्र असेल तर कार्बोरेटर उघडू नका, कंडेन्सर बदला.

किकबद्दल पण सांगायला हवं, कारण उलट्या किकने घोटा दुखावून लोक गाडी विकून टाकतात. चावी लावा, किक हळूहळू दाबत न्या. अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जवरून मधोमध आला की थांबा. डिकॉम्प्रेसर ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण, सलग दाबा. थ्रॉटल बंद. टाइमिंग बरोबर असलेली बुलेट अशा पद्धतीने दुसऱ्या किकच्या पुढे जात नाही.

टाकी साडेचौदा लिटरची. आतल्या गंजासाठी लिंबूसत्व पुरतं: टाकीभर कोमट पाण्यात साधारण एक किलो, रात्रभर. सकाळी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी पेट्रोल भरा. गोट्या किंवा गिट्टी घालून हलवणं टाळा, जुना पत्रा कोपऱ्यांत पातळ झालेला असतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, फ्लोटच्या वाटीचं पॅकिंग तिन्ही नवीन टाका. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं. प्लग पांढराफटक दिसत असेल तर मेन जेट मूळपेक्षा एक पायरी मोठा घ्या. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका.

क्लच-गिअरबॉक्समध्ये फार काही नाही. प्रायमरी चेनला सगळ्यात ताठ जागी ६ मिमी खेळ ठेवा. केसमध्ये साधारण ४५० मिली तेल, आणि तिथे कारचं नवं घर्षण-कमी करणारं तेल घातलं की क्लच घसरलाच समजा. अल्टरनेटरच्या रोटर आणि स्टेटरमध्ये चहूबाजूंनी ०.२ मिमी फट हवी. एका बाजूला घासला तर चार्जिंग जातं. गिअरबॉक्सला अर्धप्रवाही ग्रीस घाला, नुसतं पातळ तेल शाफ्टच्या कडेने बाहेर येतं.

बाजारातल्या सुट्या भागांबद्दल मत स्पष्ट आहे. केबल, मडगार्डचे बोल्ट, फूटरेस्टचे रबर, वायरिंग नवीन स्थानिक बनावटीचं चालतं. व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह गाइड, तेलपंपाचे प्लंजर, टाइमिंगची दातरी चाकं आणि बिगएंडचा (रॉडच्या मोठ्या टोकाचा) बुश मात्र कंपनीच्या डब्यातलेच घ्या, नाहीतर जुने चांगले असतील तर तेच परत बसवा. नकली प्लंजर सैल बसतो, तेलाचा दाब पडतो आणि आधी सांगितलेला बुश पुन्हा संपतो. मूळ पितळी कार्बोरेटर स्लाइडही थोडी घासली म्हणून फेकू नका.

रस्त्यावर ही गाडी साठ-सत्तरच्या दरम्यान सगळ्यात समाधानी असते. एक लिटरला ३५ ते ४० किलोमीटर देते. यवतमाळ-पांढरकवड्याकडच्या सरळ रस्त्यावर थकवा येत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात मात्र टॉर्क आहे म्हणून चौथ्यात ओढत नेऊ नका. इंजिन धडधडत हळू फिरत असताना जोर दिला तर सगळा मार त्या बुशवर बसतो. तिसरा, वेळ पडली तर दुसरा टाका. पुढचा ७ इंची ड्रम ब्रेक नीट लावला तर पुरेसा आहे: दोन्ही लिव्हरमधली जोडकांडी अशी लावा की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. बहुतेक गाड्यांत एकच शू काम करतो आणि दोष ब्रेकला लागतो.

काळ्या मातीचा त्रास मात्र आहे. पहिल्या पावसानंतर पांदणीत गेलात तर ३.२५×१९ चं पुढचं चाक मडगार्डमध्ये चिखलाने जाम होतं. मडगार्ड वर उचलून मूळ रूप बिघडवण्यापेक्षा काठीने चिखल काढलेला बरा. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेच्या फिल्टरवर तंतू बसतात, तो दर आठवड्याला झटका.

नवीन बोअरनंतर पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत, सलग अर्ध्या तासाहून जास्त नाही. ५०० ला इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट कोनाकोनी परत आवळा, टॅपेट पाहा, तेल-फिल्टर दोन्ही बदला. पुढे दर २,००० ते २,५०० किलोमीटरला तेल. कंपनीचं अंतर यापेक्षा मोठं असलं तरी इथली धूळ आणि ऊन पाहता एवढंच ठेवा.

रंगाला फ्रेम पाठवण्याआधी नंबरावर टेप लावायला सांगा. पावडर कोटिंगचा थर नंबरात भरला की आरटीओत पेन्सिलचा ठसा उमटत नाही आणि नूतनीकरण अडतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्यासोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर कोणी २०२१ च्या नियमातली ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी सुचवेल. ती नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. बाजारहाटाला आणि शेतात न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा, आणि मुदत संपण्याआधीच अर्ज करा.