कॉन्टेसाला मागे डिस्क ब्रेक : अंबडमधील एका गॅरेजचे काम

हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा या कारला मागे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून घासून थांबवणारे) असतात आणि कसारा घाट उतरताना ते तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. म्हणून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजमधून मी मागे डिस्क ब्रेक (फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारे) बसवून घेतले. काम मनापासून आवडले. ड्रममधील लायनर (घासणारे अस्तर) चाकाच्या फिरण्यानेच अधिक आवळले जातात, डिस्कच्या पॅडला मात्र सगळा जोर ब्रेक ऑइलच्या दाबातूनच मिळावा लागतो, हे जाणून मिस्त्रींनी केवळ कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) लावून गाडी हाती दिली नाही, तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) बदलला आणि मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकला जाणारा दाब कमी ठेवणारी झडप) बसवला. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी आडवी फिरते. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून, पुढची चाके आधी धरतात याची खात्री होईपर्यंत ते व्हॉल्व्हची घुंडी थोडी थोडी फिरवत राहिले. हँडब्रेक मात्र चढावर पूर्वीच्या ड्रमइतका घट्ट धरत नाही आणि केबल ताणूनही फारसा फरक पडलेला नाही. मूळ रिममध्ये कॅलिपर मावतो का, हे काम देण्याआधीच मोजून घ्यावे.