गोवा लिहू की गोमंतक?

भाचीला स्मरणिकेसाठी लेख लिहायचा आहे आणि ती या दोन नावांत अडकली आहे.

अर्थ पोचण्यात 'गोवा' सरस. ३० मे १९८७ ला घटकराज्य झालं तेही याच नावानं, त्यामुळे अर्ज, पत्ता, बातमी यांत दुसरा विचार नको. त्याआधीच्या केंद्रशासित प्रदेशाबद्दल लिहिताना मात्र 'गोवा, दमण आणि दीव' असं पूर्ण लिहावं.

विभक्ती लावताना 'गोवा' बदलतो: गोव्यात, गोव्याहून. 'गोवामध्ये' वाचलं की मला खरंच टोचतं. 'गोमंतकात' सरळ चालतं.

माणसांबद्दल लिहिताना 'गोमंतक' पुढे जातं. 'गोवेकर' बोलण्यात गोड, पण 'गोमंतकीय' माणसाला, जेवणाला, नाटकाला, साहित्याला सगळ्यांना लागतं. शुद्धलेखनाचा थोडा घोळ आहे: एरवी अनुस्वार द्यावा, पण 'दैनिक गोमन्तक' हे विशेषनाम त्यांच्यासारखंच लिहावं.

प्रवासवर्णन, माहितीपत्रक असेल तर गोवा. भाषा, साहित्य, लोकजीवनावर लिहायचं तर गोमंतक. भाचीचा लेख तिथल्या मराठी रंगभूमीवर आहे, म्हणून तिला मी 'गोमंतकीय रंगभूमी' सुचवलं. कोंकणी संवाद आले तर तिथे 'गोंय'च ठेव, असंही सांगितलं.