आठ महिने एम 4 मॅकबुक एअरवर लग्नाचं एडिटिंग

बेळगावात शहापूरला माझा छोटा स्टुडिओ आहे. खानापूर, निपाणीपर्यंतच्या लग्नांचं शूटिंग, अल्बम, हायलाइट. आठ महिन्यांपूर्वी अॅपलचा 99,900 रुपयांवाला मॅकबुक एअर लॅपटॉप घेतला, एम 4 चिपवाला (मेमरी 16 जीबी, स्टोरेज 256 जीबी). तेव्हा शेजारचा स्टुडिओवाला म्हणाला, "स्टीव्ह जॉब्ज गेला तवाच संपलं की ओ ते सगळं. कुकला नुसता धंदा कळतोय." कुक म्हणजे टिम कुक, जॉब्जनंतर अॅपलचे प्रमुख झालेले.

मला हे पटत नाही.

मे महिन्यात खानापूरचं एक लग्न होतं. संध्याकाळी वळीव कोसळला, लाईट गेली. नवरीच्या मामांची रात्री मुंबईची गाडी, आणि त्यांना हायलाइट पेनड्राइव्हवर न्यायचाच होता. टायटल मराठी आणि कन्नड दोन्हींत, आमच्याकडे ते लागतंच. कार्यालयाच्या ओट्यावर बसून नुसत्या बॅटरीवर फोर-के एक्सपोर्ट लावला. जुन्या लॅपटॉपचा चार्जर काढला की वेग निम्म्यावर यायचा, आणि पंख्याच्या घरघरीत मंगलाष्टकं ऐकू यायची नाहीत. एअरला पंखाच नाही. खालून हात लावून बघितला, कोमट. मामा पेनड्राइव्ह खिशात घालून गाडीला गेले.

ही करामत एका रात्रीत झालेली नाही. अॅपलने पीए सेमी ही चिप कंपनी 2008 मध्ये घेतली, म्हणजे जॉब्ज असतानाच. पण इंटेल कंपनीच्या चिपा सोडून मॅकमध्ये स्वतःची एम 1 चिप घालायचं धाडस 2020 चं, टिम कुक यांच्या कारकिर्दीतलं. बाहेरून लॅपटॉप तसाच दिसतो म्हणून लोक याला नवं म्हणत नाहीत. माझ्यासारख्या पोटापाण्यासाठी मशीन वापरणाऱ्याला मात्र अॅपलच्या वॉच आणि एअरपॉड्सपेक्षा हेच मोठं वाटतं.

शेजाऱ्याचं एक मात्र खरं आहे. एआयमध्ये ही मंडळी मागे पडली. जून 2024 मध्ये नव्या सिरीची (बोलून काम सांगायच्या मदतनिसाची) स्वप्नं दाखवली आणि मार्च 2025 मध्ये ती पुढे ढकलली. तयार नसलेली गोष्ट मंचावर दाखवणं चूकच, आणि त्याचा जाब नेतृत्वालाच विचारला पाहिजे. डोळ्यांवर चढवायच्या 3,499 डॉलरच्या व्हिजन प्रोचं तर आपल्याकडे कुणी नावही काढत नाही.

घेणार असाल तर 256 जीबीवर भागणार नाही, फायली ठेवायला बाहेरून जोडायची एसएसडी ड्राइव्ह धरूनच हिशेब करा. मेमरी नंतर वाढवता येत नाही. झाकण उघडं ठेवून दोन मॉनिटर जोडता येतात, अल्बमच्या कामाला फार सोयीचं. पण रोज दोन-दोन तासांची पूर्ण फिल्म काढत असाल तर पंखा असलेला मॅकबुक प्रो घ्या. लांबलचक कामात तापू नये म्हणून एअरची चिप स्वतःच वेग उतरवते.