बदकांच्या शिकारीसाठी काडतूस: स्टील, बिस्मथ की टंगस्टन?

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भाताची कापणी आटोपली की खाचरांत पाणी सोडतात, आणि कॅनडा-अलास्काकडून निघालेली बदकं तिथे उतरू लागतात. पूर्वी इथे कापणीनंतर पेंढा पेटवून देत. १९९१ च्या राज्य कायद्याने ते टप्प्याटप्प्याने कमी केलं. मग पेंढा कुजवायला खाचरं हिवाळाभर पाण्याखाली ठेवायची पद्धत रुळली आणि पाणपक्ष्यांना हक्काची चराई मिळाली. आज या खोऱ्यात शिकारीला निघालेला नवा माणूस बंदूक कोणती घ्यावी याचा महिनोन्महिने विचार करतो आणि काडतुसं मात्र दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत उचलतो. बदक जागच्या जागी पडणार की जायबंदी होऊन लव्हाळ्यात मरणार, हे बऱ्याच अंशी त्या पाच मिनिटांत ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. बंदूक आधुनिक असेल आणि ४० यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरच्या आत बार टाकायची शिस्त असेल, तर काडतुसात स्टीलचे छर्रे पुरेसे आहेत. बंदूक जुनी असेल तर बिस्मथ. टंगस्टन फार थोड्यांना लागतं. हे का, ते पुढे.

काडतुसांआधी कायदा

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार आता बंद आहे. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात दिसणारं तलवार बदक आणि इथला पिनटेल एकच जात आहे, थापट्या आणि इथला शोव्हेलरही तसेच. तिकडे तो फक्त दुर्बिणीतून पाहायचा.

एच-१बी किंवा एल-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फेडरल कायद्यानुसार त्यांना बंदूकच काय, काडतुसं बाळगायलाही मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. राज्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे व्हिसावर असाल तर वकिलाशी एकदा बोलून घ्या. १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक शिकाऱ्याला फेडरल डक स्टॅम्पही लागतो. तो १९३४ पासून आहे आणि त्याच्या पैशांतून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. ते २५ डॉलर मला कधीच जड वाटले नाहीत.

शिसं का गेलं

बदकं खाल्लेलं दळायला बारीक खडे गिळतात आणि ते पेषणीत साठवतात. तळ्याच्या गाळात पडलेला शिशाचा छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. पेषणीत तो झिजतो, शिसं रक्तात उतरतं आणि पक्षी खंगून मरतो. इलिनॉयचे जीवशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोज यांनी १९५९ मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. शिसं अंगात घेऊन मेलेली किंवा जखमी बदकं खाऊन गरुडही मरू लागले. अखेर १९९१ च्या हंगामापासून साऱ्या अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आली. त्यानंतर मिसिसिपी फ्लायवे या पक्ष्यांच्या स्थलांतर-मार्गावर झालेल्या अभ्यासात मॅलार्ड बदकांमधले शिशाच्या विषबाधेचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कॅलिफोर्नियाने पुढे जाऊन १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाला मनाई केली. ‘शिशाची मजा स्टीलला नाही’ असं जुने लोक म्हणतात, तेव्हा मला हा ६४ चा आकडा आठवतो.

तिन्ही धातू समोरासमोर

खरा फरक घनतेचा आहे. एका घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम भरतं, स्टील ७.९ च्या आसपास, काडतुसात वापरतात तो बिस्मथचा मिश्रधातू ९.६ च्या जवळ आणि टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) नावाने विकलं जाणारं टंगस्टन १८ च्या आसपास. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो. बंदुकीतून निघताना सगळेच जोरात असतात, बदकापर्यंत किती जोर उरतो हा प्रश्न आहे.

म्हणून स्टीलमध्ये छर्रा मोठा घ्यावा लागतो. पूर्वी मॅलार्डसाठी ४ नंबरचं शिसं वापरणारे आता २ नंबरचं स्टील वापरतात. छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्या (क्रमांक लहान तितका छर्रा मोठा), हा जुना नियम आजही चालतो, कारण ४ नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्याचं वजन साधारण ०.२१ ग्रॅम आणि २ नंबरच्या स्टीलचं ०.२३ ग्रॅम. अमेरिकी क्रमांक ओळखायची सोपी युक्ती अशी की १७ मधून क्रमांक वजा करा, येईल तितके शतांश इंच छर्ऱ्याचा व्यास. २ नंबर ०.१५ इंच, ४ नंबर ०.१३ इंच. इंग्लंडमधल्या नातेवाइकाने सुचवलेला नंबर इथे तसाच मागू नका, तिकडचे क्रमांक वेगळे आहेत. तिकडचा १ नंबर आपल्या ३ च्या जवळ जातो.

छर्रा मोठा केला की संख्या घटते. एका औंसात २ नंबरचे सुमारे १२५ स्टीलचे छर्रे बसतात, ४ नंबरचे १९२, तर बीबी या आणखी मोठ्या मापाचे जेमतेम ७२. सव्वा औंसाच्या काडतुसात २ नंबरचे १५६ होतात. बदक पडायला जोर हवा आणि दाट मारा हवा, दोन्ही. बीबीमध्ये जोर भरपूर, पण छर्ऱ्यांच्या मधली भोकं इतकी मोठी की टीलसारखं छोटं बदक त्यातून सुखरूप निघून जाईल. बीबी कलहंसांसाठी (गीज) ठेवा. टीलसाठी ४ किंवा ६ नंबर छान, मॅलार्ड आणि पिनटेलसाठी २ किंवा ३. सकाळभर काय येईल याचा भरवसा नसतो, म्हणून एकच खोका घ्यायचा असेल तर मी डोळे मिटून ३ नंबर घेईन. तो सगळ्या दुकानांत मिळत नाही ही त्याची एकच अडचण, आणि मग २ नंबर.

बिस्मथ स्टील आणि टंगस्टन या दोन टोकांच्या मध्ये बसतं. ४ नंबरचा बिस्मथचा छर्रा आणि ३ नंबरचा स्टीलचा यांचं वजन जवळपास सारखं, पण बिस्मथचा आकाराने लहान, त्यामुळे त्याला हवा कमी अडवते आणि तो आत जास्त शिरतो. हा फरक ३५ यार्डांच्या पुढे जाणवू लागतो. धातू मुळात ठिसूळ आहे, म्हणून चांगल्या कंपन्या त्यात कथील मिसळतात, वर तांब्याचा मुलामा देतात. तसा मुलामा किंवा छर्ऱ्यांमध्ये भरलेली मऊ पूड नसेल तर बार निघतानाच काही छर्ऱ्यांचे तुकडे होतात आणि जास्तीचे पैसे हवेत जातात.

टीएसएस हा चमत्कारच आहे. ९ नंबरचा, अगदी मोहरीएवढा छर्रा, आणि तरी आत शिरायला शिशाच्या मोठ्या छर्ऱ्याशी बरोबरी करतो. एका औंसात असे साडेतीनशेहून जास्त बसतात. पण स्टीलचं साधं काडतूस डॉलरच्या आसपास, बिस्मथ त्याच्या दुपटीच्या पुढे आणि टीएसएस त्याच्याही कित्येक पट. ज्यांच्या खांद्याला धक्का सोसत नाही आणि म्हणून २० किंवा २८ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद) हलकी बंदूक वापरायची आहे, त्यांना ते खरोखर उपयोगी. ते घेऊन ६० यार्डांवरच्या बदकावर बार टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. एवढ्या अंतरावर नेम चुकतो तो माणसाचा, आणि त्याची शिक्षा पक्षी भोगतो.

वेग आणि लांबी: इथेच पैसे वाया जातात

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वेग छापतात. १४०० फूट प्रतिसेकंद, १५५०, १७००. स्टील हलकं असल्याने त्याला थोडा जास्त वेग हवा हे खरं. पण जितका वेग वाढवाल तितकी हवाही जोरात अडवते, आणि ४० यार्डांवर पोहोचेपर्यंत त्या वाढीव वेगातला बराचसा भाग संपलेला असतो. खांद्याला बसणारा धक्का मात्र पूर्ण बसतो, आणि मारा बहुधा विस्कळीत होतो. १४०० ते १५०० च्या दरम्यान राहा. अतिवेगवान काडतुसं बहुतेक वेळा छर्ऱ्यांचं वजन कमी करून बनवतात, म्हणजे तुम्ही जास्त पैसे देऊन कमी छर्रे विकत घेता.

लांबीचंही तसंच. पावणेतीन इंची काडतूस साधारण १⅛ औंस स्टील नेतं, आणि डिकॉयवर, म्हणजे भुलवायला मांडलेल्या नकली बदकांवर, उतरणाऱ्या बदकांना ते पुरतं. तीन इंची सगळ्यात सोयीचं. साडेतीन इंची कलहंसांच्या शिकाऱ्यांसाठी. बदकांसाठी ते घेऊन दुसरा बार नेमाने टाकता येत नसेल तर काय उपयोग?

सुरक्षिततेची एक गोष्ट इथेच सांगतो. पावणेतीन इंची खोबणीच्या बंदुकीत तीन इंची काडतूस बसतं, पण तोंड उघडल्यावर त्याची लांबी वाढते आणि दाब धोकादायक होतो. नळीवर कोरलेली लांबी वाचल्याशिवाय काडतूस भरू नका.

वडिलांच्या काळची बंदूक असेल तर

स्टील कठीण असतं, नळीच्या चिंचोळ्या टोकातून (त्याला चोक म्हणतात) जाताना शिशासारखं दबत नाही. जुन्या इंग्लिश दुनळी, पातळ नळीच्या, कायमस्वरूपी फुल (सगळ्यात चिंचोळ्या) चोकच्या बंदुकांच्या नळ्या त्याने फुगू शकतात. बेल्जियममध्ये बनलेल्या ऑटो-५ या ब्राउनिंग बंदुकीच्या नळीतून स्टील टाकू नका, असं खुद्द ब्राउनिंग कंपनी सांगते. सेकंडहँड बंदूक घेतली असेल तर आधी बंदूक-कारागिराला दाखवा. अशा बंदुकीसाठी मऊ बिस्मथ हाच मार्ग, आणि तिथे मी किमतीचा विचार करणार नाही. पिळाच्या पट्ट्यांपासून बनवलेली दमास्कस नळी असेल तर मात्र कारागिराने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय कुठलंच आधुनिक काडतूस नको.

आधुनिक बंदुकीत चोक बदलता येतो. स्टीलचे छर्रे वाकत नाहीत, त्यामुळे ते शिशापेक्षा एकवटून जातात. २५-३० यार्डांसाठी इम्प्रूव्हड सिलिंडर (कमी चिंचोळा), ३५-४० साठी मॉडिफाइड (मध्यम). फुल चोकची गरज नाही, आणि मोठ्या स्टीलसाठी तो नकोच. फेडरल कंपनीच्या ब्लॅक क्लाउडसारख्या काडतुसांचा वॅड (छर्रे धरणारा प्लास्टिकचा पेला) मागून उघडतो आणि छर्ऱ्यांना थोडा जास्त वेळ धरून ठेवतो. वॅड अडवण्यासाठी आत खाचा किंवा छिद्रं केलेल्या खास चोकबरोबर त्यांच्या जुन्या वॅडचा मेळ बसत नसे. जुना साठा असेल तर साधा चोक लावा.

कागदावर पाहिल्याशिवाय खरेदी पूर्ण नाही

एकाच नंबरची, एकाच वजनाची दोन कंपन्यांची काडतुसं एकाच नळीतून वेगळी जातात. ती का, हे खोक्यावरून कळत नाही. म्हणून दोन-तीन प्रकारांचा एकेक खोका घ्या, रेंजवर चार फुटी कागद लावा, तुम्ही खरंच बार टाकता त्या अंतरावर मारा करा आणि छर्ऱ्यांच्या सगळ्यात दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. १५६ पैकी ७० टक्के आत आले तर सुमारे ११० भोकं. आकड्यापेक्षाही बदकाच्या आकाराची मोकळी जागा कुठे राहिली का ते बघा. एका काडतुसावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक प्रकाराची चार-पाच तरी टाका. डोळ्यांवर चष्मा हवाच, स्टील कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येतं.

इथल्या सरकारी पाणथळ क्षेत्रांपैकी ए आणि बी प्रकारच्या जागांवर शेतात २५ च काडतुसं नेता येतात. तिथे हा कागदाचा अभ्यास किती मोलाचा ते दुपारपर्यंत कळतं. डिकॉय मांडताना सगळ्यात लांबचं ३५ यार्डांवर पावलांनी मोजून ठेवा. त्याच्या पलीकडचं बदक कितीही मोहात पाडत असलं तरी बार नाही. आणि पाडलेलं बदक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करणं ही कायद्याचीही अट आहे.

कागदावर जे जमलं तेच काडतूस पूर्ण हंगामाचं एकदम घ्या, जमल्यास एकाच लॉटचं. घरी कोरड्या जागी ठेवा. ओल्या पिशवीत राहिलेलं स्वस्त स्टील आतून गंजतं, छर्रे एकमेकांना चिकटतात आणि तसं काडतूस नळीसाठी धोक्याचं असतं. उरलेल्या पैशांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्ले पिजनच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायच्या, फेऱ्या मारा. बऱ्याच क्लबांवर शिशाची काडतुसं चालतात, पण शिकारीच्या दिवशी जॅकेटच्या खिशात चुकून राहिलेलं एक शिशाचं काडतूसही गुन्हा ठरतं, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे उलटे करून झाडून घ्या.