आप्पांच्या गोळ्या बंद करायला लावणारा वैद्य

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. फुप्फुसाचा कॅन्सर कळला तेव्हाच तो मणक्यापर्यंत गेला होता. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, पण आमचं योजनेचं कार्ड कर्नाटकचं, म्हणून बेळगावला नेलं. दोन महिन्यांनी तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता केमो झेपायची नाही, घरी न्या; दुखू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. मॉर्फीनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायच्या. त्या गोळ्यांनी पोट धरतं म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध. वहिनीनं शंभरपानी वहीत रकाने आखले. त्या आठवड्यात आप्पा कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

मॉर्फीन वाटेल त्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी मी बेळगावला जाऊन रांगेत उभी राहायची. तिथंच ती बाई भेटली. "आमच्या मालकास्नी बी हेच हुतं बघा ताई. आता शेतात जात्यात." मोबाईलवर रिपोर्टचे फोटो दाखवले. एक रुपया मागितला नाही, नुसता एक नंबर दिला. पैसे मागितले असते तर मी सावध झाले असते.

वैद्य गुरुवारी संकेश्वरच्या एका लॉजवर बसायचा. २१ दिवसांच्या पुड्यांचे १८,५०० रुपये, रोख. डब्यावर ना कंपनीचं नाव, ना परवाना नंबर, ना घटक, ना तारीख. आयुर्वेदिक औषधावरही हे सगळं छापावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्यानं आमच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि म्हणाला, "ही अफू आहे. ही पोटात असेपर्यंत माझं औषध चढणार नाही. आजपासून बंद." अफूपासूनच होते हे खरं, त्यामुळे आम्ही गप्प झालो. घरी येणारं प्रत्येक माणूस "काहीतरी करा की" म्हणत होतं. दादाला वाटलं, निदान करून तरी बघू.

दुसऱ्या दिवशी आप्पांना दरदरून घाम, जांभयांवर जांभया, जुलाब, हुडहुडी. फोन केला तर वैद्य म्हणाला, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." प्रत्यक्षात अफूचं औषध एकदम तोडलं की शरीर असंच करतं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र आप्पा सुधारले. उठून बसले, शेंगाची चटणी मागितली, दह्यात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. आई देव्हाऱ्यापुढं रडली. दादानं त्याच गुरुवारी पुढच्या "सुवर्णभस्माच्या" डब्यासाठी ४२,००० भरले. त्यातले ३०,००० वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून आणले होते.

तिसऱ्या आठवड्यात चेहरा सुजून गोल झाला. पाय सुजले, घसा सारखा कोरडा, पाण्याचा तांब्या उशाशीच. आणि दुखणं परत आलं. रात्री दोन वाजता आप्पा पलंगाची कड धरून ओरडत होते. ते ओरडणारे नव्हते. वखारीत पायावर गाठोडं पडलं तेव्हाही ओरडले नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी बेळगाव गाठलं. मॅडमनी चेहरा बघूनच विचारलं, "कुणाची पूड चालू आहे?" साखर ४०० च्या वर. पुडीत स्टेरॉइड मिसळलं असणार, असं त्या म्हणाल्या. त्यानं भूक वाढते, गाठीभोवतीची सूज उतरते, चार दिवस माणूस ताजातवाना दिसतो. गाठ आहे तिथंच असते. पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांनी साखर बघत, मोजून स्टेरॉइड दिलं आणि हळूहळू उतरवलं. मॉर्फीनही जुन्या डोसवर लगेच नाही. कमीपासून सुरू करून वाढवत नेलं. मधे खंड पडला असेल तर घरच्या घरी आधीचा डोस देऊ नका, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "भूक नाही हे तुम्ही मला सांगायचं होतं. हेच औषध मी दोन-चार रुपयांच्या गोळीत दिलं असतं."

त्यानंतर आप्पा पंचवीस दिवस होते. बहुतेक रात्री झोपले. वहिनीच्या वहीत मधली एकोणीस दिवसांची पानं कोरी आहेत. पाटल्या सुटतील, त्या पानांचं काय करायचं ते मला कळत नाही.

वैद्यानं "कॅन्सर मुळापासून बरा" असं छापलेलं पत्रक दिलं होतं. अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. ते पत्रक, रिकामा डबा आणि फोन नंबर घेऊन दादानं पोलिसात अर्ज दिला. नंबर बंद, लॉजची खोली रिकामी. तुमच्याकडे असं पत्रक आलं असेल तर फेकू नका, डब्यासकट ठेवा आणि पुडी चालू असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून आम्ही लपवलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत.

मागच्या महिन्यात उरलेल्या गोळ्या परत द्यायला गेले तेव्हा ती बाई त्याच रांगेत होती. खानापूरकडचा एक मुलगा, हातात आईची फाईल, तिच्या मोबाईलकडं बघत होता. मी मधे जाऊन उभी राहिले आणि त्याला माझ्या मोबाईलमधला आप्पांचा सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवला. बाई निघून गेली. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "अक्का, आईला दुखतंय म्हणून डॉक्टरला सांगायला रांग कुठली?" मी त्याला तिथवर घेऊन गेले.